तिसरा गेला, रिव्हर्सही गेला : मोटरहोमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) बाळगणाऱ्या वाचकांच्या गिअरबॉक्सविषयीच्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे. त्यात सांगितलेली चूक सर्रास होते आणि ती महागात पडते.

प्रश्न : आमचं 2000 सालचं क्लास-सी मोटरहोम फोर्ड ई-450 चॅसीवर आहे. इंजिन 6.8 लिटर व्ही-10, गिअरबॉक्स 4आर100. बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसकडे येताना ग्रेपव्हाइनच्या चढावर तिसरा गिअर सुटला. रेस वाढते, पण गाडी उचलत नाही. पहिला आणि दुसरा अजूनही व्यवस्थित पडतात. बाजूला थांबलो तर रिव्हर्सही धरेना. डिपस्टिकवरचं ऑइल काळपट आहे आणि त्याला करपल्याचा वास येतो. वर्कशॉप पूर्ण बॉक्स बदलायला सांगतंय. फक्त क्लचच्या जळलेल्या प्लेटा बदलून भागेल का? (वाचक, सॅन होजे)

उत्तर : तुम्ही लक्षणं नेमकी लिहिलीत, त्यामुळे निदान निम्मं झालंच आहे. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला फॉरवर्ड क्लच (क्लच म्हणजे गिअर धरून ठेवणारा प्लेटांचा संच) धरतो आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला इंटरमीडिएट क्लच येतो. तिसऱ्याला डायरेक्ट क्लच लागतो. रिव्हर्सला फॉरवर्ड सुटतो, पण डायरेक्ट लागतोच, सोबत रिव्हर्स क्लच. तिसरा आणि रिव्हर्स या दोघांत सामाईक असलेला भाग एकच, डायरेक्ट क्लच. चौथ्यालाही, म्हणजे ओव्हरड्राइव्हलाही, तोच लागतो, तेव्हा तोही गेला असणार. गाडी पुढे चालवून खात्री करत बसू नका. जळालेल्या प्लेटांचा चुरा प्रत्येक मैलाला सगळ्या बॉक्सभर फिरतो.

आता मूळ प्रश्न. नुसत्या प्लेटा बदलून भागणार नाही. प्लेटा आपोआप जळत नाहीत. त्यांना दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर कमी पडलं, की त्या घसरतात आणि घसरल्या की जळतात. ते प्रेशर कुठे गेलं ते सापडल्याशिवाय बॉक्स बंद केलात, तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातील.

डायरेक्ट क्लचपर्यंत ऑइल सेंटर सपोर्ट या मधल्या स्थिर भागातून जातं आणि फिरता ड्रम व स्थिर सपोर्ट यांच्यामधली गळती सीलिंग रिंगा अडवतात. त्या रिंगा ज्या भोकात बसतात तिथे नख फिरवून पाहा. नख अडकेल इतकी चर पडली असेल, तर नव्या रिंगा टाकून उपयोग नाही, भाग बदलावा लागेल. पुढे पिस्टनचे रबरी ओठ पाहा. उष्णतेने ते कडक होतात आणि वाकवले की तडकतात. पिस्टनमधली किंवा ड्रममधली छोटी चेक-बॉल मोकळी खुळखुळली पाहिजे. ती घाणीने उघडी राहिली, की क्लचला लागणारं ऑइल तिथूनच निसटतं.

पंपही उघडून पाहा. पंपातल्या प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्हचं भोक झिजलं, की इंजिन आयडलवर (रेस न देता) असताना प्रेशर ठीक दिसतं आणि भार आला की खचतं. म्हणूनच बॉक्स उतरवण्याआधी केसवरच्या टेस्ट पोर्टला गेज लावून घ्या. ड्राइव्हमध्ये आयडलला साधारण 50 ते 65 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दिसायला हवं, रिव्हर्समध्ये त्याहून बरंच जास्त. ही पाच मिनिटांची तपासणी सोडून थेट बॉक्स उतरवणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

सॉलेनॉइड बॉडी (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपांची पेटी) हा तिसरा संशयित. प्रेशर कमी-जास्त करणारा ईपीसी सॉलेनॉइड याच पेटीत असतो आणि त्याच्या जाळीत प्लेटांचा चुरा अडकतो. एवढ्या जळालेल्या बॉक्समध्ये जुनी सॉलेनॉइड बॉडी परत बसवू नका. नवी घेताना ती तुमच्या वर्षाची आहे याची खात्री करा. 1989 साली आलेला ई4ओडी आणि त्याचंच पुढचं रूप असलेला 4आर100 बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांच्या सॉलेनॉइड बॉडी वर्षागणिक बदलल्या आहेत.

बहुतेक फेरदुरुस्त्या बुडतात त्या बॉक्सच्या बाहेरच्या दोन गोष्टींवर. एक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद ऑइलमार्फत बॉक्सला देणारा भाग. त्याच्या आत शिरलेला चुरा धुऊन निघत नाही, कारण तो वेल्डिंगने बंद केलेला डबा आहे. एकतर नवा घ्या किंवा कापून, आतला लॉकअप क्लच (कन्व्हर्टर लॉक करून इंजिन बॉक्सला थेट जोडणारा) बदलून, पुन्हा वेल्ड करून तोलून दिलेला घ्या. दुसरी गोष्ट ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या. नळीच्या साध्या कूलरला ताकदीच्या यंत्राने दोन्ही दिशांनी धुता येतं, पण पत्र्यांच्या थरांचा, आत जाळी असलेला कूलर असेल तर तो बदलाच. तुमच्या काळच्या अनेक फोर्ड गाड्यांत बॉक्सजवळ कूलरच्या दोन नळ्यांमध्ये एक बायपास व्हॉल्व्ह असतो. थंडीत घट्ट ऑइलला जवळची वाट मिळावी म्हणून तो दिलेला आहे. त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला, तर उकळतं ऑइल कूलरला न जाताच परत बॉक्समध्ये येतं. क्लच जळाल्यानंतर हा व्हॉल्व्ह बदलायलाच हवा.

बसवून झाल्यावर कूलरची परतीची नळी बादलीत धरून इंजिन आयडलला चालवा. 20 सेकंदांत सुमारे 1 क्वार्ट (लिटरहून थोडं कमी) ऑइल आलं पाहिजे. कमी आलं तर गाडी ताब्यात घेऊ नका. ही चाचणी करताना डिपस्टिककडे लक्ष असू द्या, पंप कोरडा पडायला नको.

वर्कशॉप 'पूर्ण बॉक्स बदला' म्हणतंय ते चूक नाही. कारखान्यात पुन्हा बांधलेल्या बॉक्सची हमी बहुधा देशभर चालते, आणि घरापासून हजार मैलांवर बंद पडणाऱ्या गाडीला ते मोलाचं आहे. गल्लीतला चांगला कारागीर मात्र तुमच्या बॉक्सचं मूळ दुखणं शोधू शकतो. दोन्हीकडे हेच विचारा : कन्व्हर्टर किमतीत धरला आहे का, कूलर आणि बायपासचं काय करणार, हमी मोटरहोमला लागू आहे का. शेवटचं लेखी घ्या, कारण अनेक हमीपत्रांत मोटरहोम वगळलेलं असतं.

एक शेवटचं काम. पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसांसकट गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) नेऊन वजन करा. तुमच्या चॅसीची मर्यादा 14,050 पौंड आहे. मागे छोटी गाडी ओढत असाल तर दोन्हींचं मिळून वजनही मर्यादेशी ताडा. वजन जास्त निघालं, तर कितीही चांगला बांधलेला बॉक्स तुम्हाला पुरणार नाही.

प्रश्न : 1995 चं शेव्हरोले पी-30 चॅसीवरचं क्लास-ए (बससारख्या बांधणीचं) मोटरहोम, 454 घन इंचाचं इंजिन, 4एल80ई गिअरबॉक्स. अचानक गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली. निघताना जड वाटते, गिअर टाकला की जोराचा झटका बसतो. ऑइल लाल आणि स्वच्छ आहे. बॉक्स खोलून पुन्हा बांधायला द्यावा का? (वाचक, डॅलस)

उत्तर : अजिबात नाही. तुमचा बॉक्स बिघडलेला नाही, त्याचं वीजेशी असलेलं नातं तुटलं आहे.

4एल80ई मध्ये दोन शिफ्ट सॉलेनॉइड असतात. दोघांची वीज गेली की उरतो तो दुसरा गिअर आणि प्रेशर नियंत्रणाची वीज गेली की प्रेशर थेट कमालीला जाऊन बसतं. क्लच घसरून जळू नयेत म्हणून ही रचना मुद्दाम तशी केली आहे. तुमची जड सुरुवात आणि झटका दोन्हींचा उलगडा त्यातच होतो. (फोर्डच्या ई4ओडी आणि 4आर100 मध्ये दोन्ही सॉलेनॉइड बंद पडले की ओव्हरड्राइव्हच्या खाचेत थेट चौथा मिळतो. तिथे गाडी जागची हलायलाही कुरकुरते आणि बिचारा मालक बॉक्स गेला असं धरून चालतो.)

आधी फ्यूज पाहा. मग बॉक्सच्या बाजूचा मोठा गोल कनेक्टर काढून आतल्या पिना तपासा. तिथे ऑइल झिरपून पिना काळ्या पडतात किंवा एक्झॉस्टच्या धगीने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. पुढे वायर चॅसीला जिथे घासते त्या जागा. या बॉक्सला येणाऱ्या आणि जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे दोन वेगळे सेन्सर असतात. त्यांतला एक गेला तरी संगणक बॉक्सला याच अवस्थेत टाकू शकतो. थ्रॉटलचा सेन्सरही बघून घ्या. संगणकात नोंदलेले कोड वाचल्याशिवाय कुणालाही पॅनचा (बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ताटाचा) बोल्ट सोडू देऊ नका.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हत्यारं आहेत, जागा आहे. फोर्डचा ई4ओडी स्वतः खोलून बांधायचा आहे. हाताने करताना नेमक्या चुका कुठे होतात? (वाचक, ओहायो)

उत्तर : पहिली चूक गाडीखाली जाण्याआधीच होते. मोटरहोमला गाडी समतल करायचे जॅक असतात आणि लोक त्यावरच गाडी उचलून खाली शिरतात. ते जॅक माणसाच्या डोक्यावर भार धरून ठेवण्यासाठी बनवलेले नाहीत. चॅसीच्या मूळ फ्रेमखाली, वजनाला पुरतील असे स्टँड लावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी द्या. बॉक्स कन्व्हर्टरसकट 100 किलोच्या वर भरतो. साखळीने बांधता येणारा ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा, साधा फ्लोअर जॅक चालणार नाही. फोर्डच्या मोठ्या एफ-53 चॅसीवर हँडब्रेकचा ड्रम बॉक्सच्या शेपटालाच असतो. तिथे प्रोपेलर शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला, हे विसरू नका.

खोलताना पॅनमधलं चुंबक आधी पाहा. त्यावरची मऊ, करडी पेस्ट ही नेहमीची झीज. काळे चकचकीत तुकडे म्हणजे प्लेटांचं अस्तर. पितळेचे कण बुश किंवा वॉशरकडे बोट दाखवतात. टोकदार पोलादी काप दिसले तर प्लॅनेटरी (आतला गिअरचा संच) किंवा बेअरिंग फुटलं आहे असं समजून प्रत्येक दाता भिंगाखाली घाला.

प्रत्येक थर निघताना फोटो काढा आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने टेबलावर मांडा. व्हॉल्व्ह बॉडी उतरवताना तिच्या आणि केसच्या खोबणीतल्या गोळ्या गळून पडतात, त्या आधीच मोजून ठेवा. एक गोळी चुकीच्या खोबणीत गेली तर बॉक्स चालतो, पण एखादा गिअर उशिरा पडतो आणि त्याचा क्लच काही महिन्यांत जळतो.

नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी किमान अर्धा तास ऑइलमध्ये भिजत ठेवा. निळसर डाग पडलेल्या किंवा सपाट काचेवर ठेवल्यावर डुलणाऱ्या पोलादी प्लेटा फेकून द्या. संच बसवून सर्क्लिप (तो अडकवणारी कडी) लावल्यावर फीलर गेजने फट मोजा. ढोबळ हिशेब दर फ्रिक्शन प्लेटमागे 0.010 इंचाचा आहे, नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. फट जास्त असेल तर जाड सर्क्लिप किंवा जाड प्रेशर प्लेट मिळते. पिस्टन बसवताना सीलच्या ओठांना ट्रान्समिशनचं जेल किंवा ऑइल लावा. चाकातलं ग्रीस नको, ते ऑइलमध्ये विरघळत नाही आणि जाळ्या तुंबवतं.

ज्याने बहुतेक चुका पकडल्या जातात ती चाचणी हवेची. व्हॉल्व्ह बॉडी लावण्याआधी केसमधल्या प्रत्येक क्लचच्या मार्गात सुमारे 40 पीएसआयची कोरडी हवा सोडा. क्लच 'ठप' असा दमदार आवाज करून बसला पाहिजे आणि हवा बंद केली की सुटला पाहिजे. नुसती फुसफुस ऐकू आली तर ओठ दुमडला आहे किंवा रिंग तुटली आहे. तो बॉक्स पुन्हा खोला, कितीही कंटाळा आला असेल तरी. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट 80 ते 100 इंच-पौंडावर, मधून बाहेर अशा क्रमाने आवळा. फूट-पौंडाचा मोठा रेंच इथे वापरलात तर ॲल्युमिनिअमचे आटे निघून येतील.

शेवटची आणि सगळ्यात महाग चूक कन्व्हर्टरची. तो आधी 1 ते 2 क्वार्ट ऑइल भरून, फिरवत फिरवत आत ढकला. स्टेटरच्या आणि इनपुट शाफ्टच्या खाचांत आणि मग पंपाच्या गिअरमध्ये तो एकेक टप्प्याने खाली उतरतो, प्रत्येक टप्प्याला हाताला जाणवेल असा धक्का बसतो. शेवटचा टप्पा राहून गेला आणि तुम्ही बेलहाउसिंगचे (बॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाचे) बोल्ट आवळले, तर पंपाचा गिअर इंजिन सुरू होण्याआधीच तुटतो. बॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटकडे (इंजिनला लागलेल्या चकतीकडे) थोडा पुढे ओढावा लागला पाहिजे. बोल्टने बॉक्स इंजिनकडे खेचावा लागत असेल, तर तिथेच थांबा.

ऑइल एकदम ओतू नका. कन्व्हर्टरसकट पूर्ण रिकामा बॉक्स साधारण 16 ते 17 क्वार्ट घेतो. 7 क्वार्ट टाका, इंजिन सुरू करा, लगेच आणखी ओतत राहा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवा. अंतिम पातळी गाडी सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन चालू आणि लीव्हर पार्कमध्ये असताना पाहा. जास्त भरलेलं ऑइल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळतं. फेसाला प्रेशर धरता येत नाही, म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत.

प्रश्न : ऑइलचं तापमान दाखवणारा गेज लावायचा आहे. सेन्सर कुठे बसवावा आणि किती आकड्याला घाबरावं? (वाचक, डेन्व्हर)

उत्तर : पॅनमध्ये बसवा. तिथे मिळतं ते बॉक्सचं सरासरी तापमान. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत लावलात तर आकडा चढावर झपाट्याने वर जातो आणि उगाच जीव घाबरतो. दोन गेज लावणार असाल तर मात्र दुसऱ्यासाठी तीच जागा उत्तम.

पॅनमध्ये 160 ते 200 अंश फॅरनहाइट म्हणजे सारं ठीक. 220 ला लक्ष द्या. 240 च्या पुढे ऑइलचं वॉर्निश (चिकट थर) होऊ लागतं, 260 ला सीलचं रबर कडक व्हायला लागतं. तुम्ही आय-70 महामार्गावर आयझेनहावर बोगद्याकडे, म्हणजे 11,158 फुटांवर चढता, तिथे विरळ हवेमुळे इंजिनही दमतं आणि कूलरलाही हवा कमी मिळते. बॉक्सने तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असं सुरू करण्याआधीच ओव्हरड्राइव्ह बंद करा, घाटाच्या पायथ्याशीच. वेग उतरू द्या, इंजिन मिनिटाला 3,500 फेऱ्यांच्या आसपास फिरू द्या. फोर्डच्या व्ही-10 ला त्याने काही होत नाही. कन्व्हर्टर लॉक राहिला की तापमान काही मिनिटांत 10-20 अंशांनी खाली येताना दिसेल. तरीही 240 ओलांडलं तर सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये थोडी रेस वाढवून ठेवा, म्हणजे पंप ऑइल कूलरमधून फिरवत राहील.

प्रश्न : 90,000 मैल झाले, ऑइल कधीच बदललं नाही. मशिनने फ्लश करून घेऊ का? कोणतं ऑइल? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : फ्लशऐवजी पॅन काढा, फिल्टर बदला, तेवढंच ऑइल भरा. हजारभर मैलांनी पुन्हा तसंच करा. गिअर आधीच घसरत असतील तर ऑइल बदलून ते सुधारणार नाहीत, त्या वेळी ऑइलला दोष देऊ नका.

ऑइल गाडीप्रमाणे. ई4ओडी आणि 4आर100 ला पूर्वी फोर्डचं मर्कॉन ऑइल होतं, 2007 पासून फोर्डने त्याच्या जागी मर्कॉन-व्ही दिलं. फोर्डच्या पाच गिअरच्या टॉर्कशिफ्ट बॉक्सला मर्कॉन-व्ही कधीही नको. त्याला मर्कॉन-एसपी होतं, आता मर्कॉन-एलव्ही चालतं. 4एल80ई ला डेक्स्रॉन-6.

प्रश्न : वाटेत बॉक्स गेला तर मोटरहोम ओढून न्यायची कशी? (वाचक, अटलांटा)

उत्तर : मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढणार असतील, तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवायला लावा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र आउटपुट शाफ्ट फिरवत राहतात आणि वंगणाविना बुश व प्लॅनेटरी काही मैलांत खलास होतात. न्यूट्रलला टाकून हे टळत नाही. शाफ्ट सोडताना फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची एक रेघ मारून घ्या, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि थरथर येणार नाही. शाफ्ट शेपटातून बाहेरच येत असेल तर ते भोक पिशवीने घट्ट बांधा, नाहीतर उरलंसुरलं ऑइल रस्त्यावर सांडेल. आणि टोइंग बोलावताना गाडीची लांबी, उंची आणि वजन फोनवरच सांगा. साधा टो-ट्रक 14,000 पौंडांची गाडी उचलू शकत नाही, आणि तो तास-दोन तासांनी येऊन परत गेला की रात्र महामार्गाच्या कडेला काढावी लागते.